स्वच्छ मातीचा नमुना

हैदराबादेतलं काचीगुड्याचं आमचं घर स्टेशनच्या इतकं जवळ होतं की मोठी गाडी फलाटाला लागली की स्वयंपाकघरातल्या फळीवरची पितळी झाकणं किणकिणायची. त्या आवाजावरून आई म्हणायची, "मनमाडची आली, तवा ठेवा." बाहेर घोषणा तीन भाषांतून चालायच्या आणि घरात आमची मराठी, जिच्यात 'हौ' आणि 'नक्को' इतके मुरले होते की पुण्याचे पाहुणे तोंडावर हात ठेवून हसायचे. बाबा मराठी शाळेत शिक्षक. ऱ्हस्वदीर्घाची एक चूक त्यांना खपत नसे, पण भाजीवाल्याशी बोलू लागले की अस्सल दख्खनी निघे. माझा थोरला भाऊ अण्णा बँकेत होता. मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. आणि मंगलवहिनी, अण्णाची बायको, देगलूरकडच्या शेतकरी घरातली. वयानं माझ्याहून जेमतेम मोठी, पण घरात आली तेव्हापासून मला 'वन्सं' म्हणायची आणि अहोजाहो करायची. मी कितीदा सांगितलं, शैला म्हण. ऐकलं नाही.

घरामागं परस होता. गल्लीतलं पावसाचं पाणी भिंतीखालून आत यायचं आणि माती वाहून न्यायचं, म्हणून बाबांनी एका वर्षी अंबरपेठेतल्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडून जुने शिलेपाट आणले. रुळांखालचे लाकडी शिलेपाट काढून रेल्वे तेव्हा सिमेंटचे टाकत होती, आणि काढलेले असे गावभर विकले जात. काळेकुट्ट, लोखंडासारखे जड, खिळ्यांची भोकं तशीच. "गुरुजी, इसकू दीमक नै लगती, तुमारे पोते तक चलता," व्यापारी म्हणाला होता. बाबांनी चारी बाजूंनी शिलेपाट लावून मोठा वाफा केला, आणि तो पूर्ण झाला त्या दिवशी शाळेतल्या सगळ्या सहकाऱ्यांना चहाला बोलावून दाखवला. आयुष्यात हातानं बांधलेली ती त्यांची एकच गोष्ट. उन्हाळ्यात त्या लाकडांना काळा घाम सुटे. थेंब थेंब डांबरासारखं तेल ओघळून मातीत जिरे, आणि परसाला एक उग्र वास येई, डांबराचा आणि दवाखान्याचा मिळून. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही नाकं मुरडली. मग सवय झाली.

वाफ्यात आईनं अंबाडी लावली, मेथी लावली, कडेला कढीपत्ता होताच. अंबाडी कशीबशी आली, मेथी पिवळी पडून बसली. आईनं बियाण्याला दोष दिला. एका गोष्टीचं मात्र तिला कौतुक होतं. कढीपत्त्याची गळलेली पानं त्या वाफ्यात कुजत नसत. गेल्या वर्षीचं पान या वर्षी उचललं तरी नुसतं वाळलेलं, अख्खं, शिरांसकट. गांडुळं नाहीत, बुरशी नाही, चिखलाचा वास नाही. "माझा वाफा बघा, कसा लख्ख," ती शेजारणींना सांगायची.

वहिनीला त्या वेळी दिवस गेले होते. आदल्या वर्षी तिचं एक मूल पोटातच गेलं होतं, वाफा झाला त्यानंतरच्या हिवाळ्यात. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. न बोलण्याचाच एक पहारा होता. जिना चढू नको, वाकू नको, पपई नको, तीळ नको. आई तिच्यासाठी रोज वेगळं काही करायची, कधी येसराची आमटी, कधी खट्टी दाल आणि वर तळलेली मिरची, कधी शेंगदाण्याची पोळी. वहिनी दोन घास खायची आणि ताट सरकवायची. ओठ पांढरे दिसायचे. अण्णा ऑफिसातून येताना बेकरीतली बिस्किटं आणायचा, ती डब्यात मऊ पडायची. "लेकरू बारीक झालं तर लोक मला विचारतील," आई म्हणायची, आणि वहिनी खाली बघायची. सगळे तिच्या ताटाकडे बघत होतो. तिच्या हातांकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

माझा अभ्यास होता मातीचा. नरसिंहम सर आमचे मार्गदर्शक. उंच, रागीट, प्रयोगशाळेत चप्पल घालून आलेल्याला बाहेर काढणारे. त्यांनी मला विषय दिला होता, क्रिओसोटनं मातीतल्या एन्झाइमचं काय होतं. क्रिओसोट म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरातून काढलेलं तेल. लाकूड सडू नये, वाळवी लागू नये म्हणून ते लाकडात मुरवतात. मातीत असंख्य जिवाणू असतात, त्यांची एन्झाइमं पालापाचोळा फोडतात, झाडाच्या तोंडी अन्न देतात. त्यातलं एक एन्झाइम फक्त जिवंत पेशीतच काम करतं. चिमूटभर माती नळीत घ्यायची, त्यावर एक बिनरंगी द्रावण घालायचं, उबेत अंधारात ठेवायचं. माती जिवंत असेल तर दुसऱ्या दिवशी नळीत कुंकवासारखा लाल रंग उतरतो. जिवाणू मेलेले किंवा अर्धमेले असतील तर रंग येत नाही. "ये मिट्टी की साँस है," सर म्हणायचे. "हम बस देख रहे, चल री के नै."

गावाबाहेर जुने शिलेपाट वर्षानुवर्षं रचून ठेवलेली एक जागा होती, तिथून मी खराब माती आणली होती. तिच्याशी ताडून बघायला स्वच्छ माती हवी होती. मी फार विचार केला नाही. आईच्या लख्ख वाफ्यातली एक पिशवी भरून नेली. आज हे लिहिताना मला नवल वाटतं. तो विषय माझा, ती लाकडं रोज डोळ्यांसमोर, तो वास नाकात, आणि तरी माझ्या मनात एकदाही दोन्ही जोडलं गेलं नाही. जे शिकतो ते घराबाहेरचं असतं, असंच काहीतरी डोक्यात असावं.

नळ्या उबेतून काढल्या तेव्हा खराब मातीत रंग नव्हता, ते अपेक्षितच होतं. स्वच्छ मातीतही नव्हता. सरांनी नळी उजेडात धरली आणि माझ्यावर ओरडले, द्रावण जुनं वापरलंस, नळ्या धुतल्या नाहीस, हात कुठं होते तुझे. मी पुन्हा सगळं केलं, नवं द्रावण, नव्या नळ्या. या वेळी सरांनी आपल्या बागेतलीही माती एका नळीत घातली. त्यांची नळी लालभडक झाली. माझी पाण्यासारखी. सर मग ओरडले नाहीत. पिशवी उघडून त्यांनी माती नाकाशी नेली, आणि हळूच विचारलं, "शैला, ही स्वच्छ माती कुठून आणलीस?"

"घरून, सर."

"घराशेजारी काय आहे?"

"जुन्या शिलेपाटांचा वाफा," मी म्हटलं, आणि माझं मलाच ऐकू आलं. काळा घाम आठवला, न कुजणारी पानं आठवली. सर म्हणाले, "भाजी लावता त्यात? आजपासून खाऊ नका." मी मान हलवली. पिवळ्या मेथीपलीकडे तेव्हा मला काही सुचलं नव्हतं.

त्या दुपारी मी वेळेआधीच घरी आले. आई जरा आडवी झाली होती, पंख्याचा कुरकुर आवाज येत होता. वाफ्याकडे आणखी एकदा नीट बघावं म्हणून मी थेट मागच्या दारातून परसात गेले. वहिनी शिलेपाटावर पाठमोरी बसली होती. मला वाटलं कढीपत्ता तोडतेय. मग तिचा हात खाली गेला, लाकडाला चिकटून वाळलेल्या मातीचा एक पापुद्रा तिनं अलगद सोलला, भाकरीवरचा पापुद्रा काढावा तसा, आणि तोंडात टाकला. डोळे मिटून ती चघळत होती. इतक्या महिन्यांत तिला काही इतक्या आवडीनं खाताना मी पाहिलं नव्हतं.

"वहिनी!"

ती दचकून उभी राहिली. ओठांच्या कडा काळ्या होत्या. आधी तिनं पदरानं तोंड पुसलं, मग माझे दोन्ही हात धरले. "वन्सं, आईंना सांगू नका. तुमच्या पाया पडते. डोहाळेच आहेत. आमच्याकडं बायका खातात, काही होत नसतं."

"थुंक आधी. थुंक म्हणते ना!"

मी तिला नळाशी नेलं, चुळा भरायला लावल्या. माझी घाई बघून ती जास्त घाबरली. किती दिवस खातेयस म्हणून विचारलं तर म्हणाली, पोटात आल्यापासून. कुठली? कधी परसाच्या त्या टोकाच्या सीताफळाखालची, पण हल्ली इथलीच. "इथली जास्त चांगली लागते. वास आहे ना तिला. तो वासच मला हवासा होतो, वन्सं, परसात आलं की जीव खेचतो. अन्नाचा वास आला की उमळतं आणि ह्या वासानं शांत वाटतं."

मी तिला प्रयोगशाळेतलं सगळं सांगितलं, सुचेल तसं. ती ऐकत होती आणि तिचा एक हात पोटावर गेला होता. शेवटी तिनं विचारलं, "म्हणजे ही माती मेलेली आहे?" मी म्हटलं, बहुतेक. सीताफळाखालची तपासावी लागेल. तिनं स्वतः खुरपं आणलं, सीताफळाखाली जिथून ती काढायची ती जागा दाखवली आणि म्हणाली, "उद्या मी येते तुमच्याबरोबर. मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय." मी नको म्हटलं. "खाल्ली मी आहे," ती म्हणाली. आदबीनं बोलणारी माझी वहिनी मला पहिल्यांदाच असं बोलली. त्या संध्याकाळी मी परत कॉलेजात जाऊन नळ्या लावून आले. जेवायला बसलो तेव्हा आईनं अंबाडीची भाजी वाढली. वहिनीनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मी भाजीची पातेलीच उचलली आणि खारट झालीय म्हणून मोरीत ओतली. आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही असं झालं असतं, पण दिवस संपतच आला होता.

सकाळी आम्ही दोघी डॉक्टरकडे जातो म्हणून निघालो. बसनं कॉलेजात गेलो. सरांनी तिला बघितलं, तिच्या पोटाकडे बघितलं, आणि काही न विचारता स्वतःची खुर्ची पुढं केली. "बैठो अम्मा." मी उबवणीची पेटी उघडली. पुढचं सगळं, द्रावण ओतणं, गाळणं, मी रोजच्यापेक्षा सावकाश केलं. सरांच्या बागेतली माती लाल. शिलेपाटाजवळच्या मातीत काही नाही. सीताफळाखालची नळी मी उजेडाकडे धरली आणि तिघंही पुढं वाकलो. फिकट गुलाबी. इतकी फिकट की आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही.

"याचा अर्थ काय, सर?" वहिनीनं मराठीतच विचारलं. सरांना मराठी समजे, थोडी बोलताही येई.

सरांनी नळी माझ्या हातून घेऊन ठेवली. मग म्हणाले, "अम्मा, ये नली मिट्टी का हाल बोलती. बच्चे का हाल नै बोलती. मिट्टी बीमार है, इत्ताच मालूम. मैं झूठ नै बोलता. आजच डॉक्टर के पास जाओ, सब सच बोलो. और शरम नक्को करो."

मी त्यांच्या हाताखाली पुढं पुष्कळ शिकले, पण 'आपल्याला एवढंच माहीत आहे, पुढचं नाही' हे इतक्या सरळ सांगणारा माणूस मला नंतर फार थोड्या वेळा भेटला. तेव्हा मात्र मला त्यांचा राग आला होता. मला वाटत होतं त्यांनी काहीतरी पक्कं सांगावं.

चिक्कडपल्लीच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं. वहिनीच्या डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, पोट तपासलं, रक्त काढून घेतलं. रक्त फार कमी आहे, म्हणूनही मातीची ओढ लागते, म्हणाल्या. गोळ्या दिल्या, दर आठवड्याला यायला सांगितलं. मुलाचे ठोके चांगले आहेत. पुढचं? "बघू या," त्या म्हणाल्या. बाहेर आल्यावर वहिनी पायरीवर बसली आणि म्हणाली, "आता घरी सांगू या."

सांगितलं मीच. संध्याकाळचा चहा झाला होता, अण्णा नुकताच आला होता, बाबा वह्या तपासत होते. मी बोलू लागले तसा त्यांचा लाल पेन थांबला. आई आधी वहिनीवरच चिडली. "माती? माझ्या घरात काय कमी होतं म्हणून माती खाल्लीस? मागशील ते करून घालत होते ना मी?" अण्णा मध्ये पडला, तिला उद्याच देगलूरला पाठवतो म्हणाला. वहिनी म्हणाली, नाही जायची, डॉक्टर इथं आहेत. आणि मग आईच्या डोक्यात तो विचार आला. मला दिसला येताना. तिचा आवाज एकदम खाली आला. "मंगल. मागच्या वेळी पण खाल्ली होतीस?"

"हौ," वहिनी म्हणाली. "तेव्हा पण."

बाबा उठले. वह्या मांडीवरून खाली सरकल्या. "ह्या वाफ्यातली?" त्यांनी विचारलं.

वहिनीनं तोंडाला पदर लावला आणि आतल्या खोलीत निघून गेली. अण्णा तिच्यामागं गेला. मग आई आणि बाबा दोघंही माझ्याकडे बघू लागले. मी शिकलेली, मी नळ्या बघितलेल्या. बाबांनी विचारलं, "शैला, त्यानं मूल जाऊ शकतं?" मी म्हटलं, "माहीत नाही, बाबा." "तुझे सर काय म्हणतात?" "त्यांनाही माहीत नाही." बाहेर कुठली तरी गाडी सुटत होती, झाकणं किणकिणत होती, आणि बाबा त्या जागीच उभे होते, हात पुढं करून, जसं काही कुणी त्यांच्या हातात काहीतरी ठेवणार होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेतून रजा घेतली. रजा न घेणारा माणूस. पहार घेऊन एकटेच शिलेपाट उखडायला लागले. अण्णा मदतीला गेला तर त्याला म्हणाले, "हात लावू नकोस." हातांना फोड आले, ते तेल लागून चरचरले. कोपऱ्यावरचा चहावाला विचारायला आला, भट्टीत जाळायला द्या. बाबा त्याच्यावर असे ओरडले की तो दोन महिने नमस्कार करायचा विसरला. शेवटी गाडी करून ते शिलेपाट त्याच व्यापाऱ्याच्या दारात नेऊन टाकले आणि बजावलं, हे घराला, चुलीला विकू नको. तो हसला म्हणे. पुढं त्यांचं काय झालं माहीत नाही. परवा एका भाच्यानं मला नव्या वसाहतीतल्या त्याच्या सोसायटीची बाग दाखवायला नेलं. फुलांच्या ताटव्यांना कडेनं जुने शिलेपाट लावले होते, देखणे म्हणून. ऊन होतं. लहान मुलं त्यावरून उड्या मारत होती. मी तिथल्या सेक्रेटरीला गाठून इतका वेळ बोलले की भाचा ओशाळला.

वाफ्यातली माती पोत्यांत भरून सरांनी नेली. तिच्यात शेणखत मिसळून, पाणी घालून, उलथापालथ करत त्यांनी ती प्रयोगशाळेच्या मागं ठेवली, आणि दर महिन्याला मी तिची नळी लावू लागले. तो माझ्या प्रबंधाचा अर्धा भाग झाला. पण ते महिने मला आठवतात ते वहिनीच्या मोजक्या हालचालींनी. तिची ओढ गेली नव्हती. परसाचं दार आईनं बंद केलं होतं, तरी दुपारी वहिनी त्या दाराशी येऊन उभी राही आणि फटीला नाक लावी. एकदा आईनं तिला तसं बघितलं. मला वाटलं आता ओरडते. पण आईनं कोरड्या तव्यावर ज्वारीचं पीठ करपेपर्यंत भाजलं, वाटीत घालून तिला दिलं आणि म्हणाली, "हे हुंग. हुंगून बघ, बरं वाटतं का." आणि दोघी उंबऱ्यावर बसून राहिल्या. त्यानंतर रोज दुपारी आमच्या घरात करपल्या पिठाचा वास असे.

मुलगी झाली, दिवस भरायच्या थोडी आधी, वजनानं कमी. ती लगेच रडली नाही. दाराबाहेर बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. मग रडली. अण्णानं तिचं नाव मुग्धा ठेवलं. आज ती दोन मुलांची आई आहे, मला रोमन अक्षरांत मराठी निरोप पाठवते, आणि तिची तब्येत माझ्याहून दणकट आहे. यातून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. एका मुलीवरून काहीच सिद्ध होत नाही.

बाबांनी त्या संध्याकाळनंतर तो प्रश्न परत कधी विचारला नाही. परसात सिमेंट घातलं. झाडं लावली नाहीत, कुंडीसुद्धा नाही. शेजारणी म्हणायच्या, गुरुजींनी वाफा किती छान बांधला होता. मुग्धा शाळेत जाऊ लागली, मी नोकरीला लागले, आई गेली. आणि मग बाबांचं शेवटचं आजारपण आलं, फार बोलता येत नव्हतं. एका दुपारी मी उशाशी होते, वहिनी त्यांना चमच्यानं पेज भरवत होती. बाबांनी माझं मनगट धरलं. "शैला," ते म्हणाले, "ते पहिलं... मी आणलेल्या लाकडांनी?"

मला प्रश्न समजायला क्षणसुद्धा लागला नाही. इतकी वर्षं मी याच विषयात घालवली होती आणि उत्तर तेच होतं जे त्या संध्याकाळी होतं. मी म्हटलं, "बाबा, ते कुणालाच सांगता..."

"नाही हो, मामंजी," वहिनी म्हणाली. तिनं चमचा वाटीत ठेवला. "तेव्हाची माती माझ्या माहेरची होती. पहिले डोहाळे लागले तेव्हा आईनं शेतातली काळी माती पुरचुंडीत बांधून पाठवली होती. ती खात होते मी. तुमच्या वाफ्याला तेव्हा हातसुद्धा लावला नव्हता."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांची बोटं माझ्या मनगटावरून सुटली. "तेव्हा का नाही बोललीस?" ते म्हणाले.

"कुणी परत विचारलंच नाही," वहिनी म्हणाली, आणि त्यांच्या हनुवटीवर ओघळलेली पेज पदरानं पुसून पुढचा चमचा भरला.